चष्मा सुटला, पेढे वाटू का?

प्रश्न : वय ६८. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होतो. पंचवीसेक वर्षं चाळिशी नाकावर होती. गेल्या दिवाळीपासून मात्र पेपर बिनचष्म्याचा वाचतोय! चष्मा देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात गेला. सौ. म्हणते, गणपती पावला. फक्त रात्री आयर्विन पुलावर समोरच्या गाडीचा उजेड फार फाकतो, आणि परवा पेढीवर मालकांच्या मुलाशी हळदीच्या रंगावरून जुंपली. बीपीची आणि प्रोस्टेटची गोळी चालू आहे. डोळे दाखवायला हवेत का? – एक वाचक, गावभाग

उत्तर : काका, दाखवाच, आणि पेढे तूर्त राहू द्या. असा 'पावलेला' पेशंट माझ्याकडे अधूनमधून येतोच. चाळिशीत डोळ्यातली लेन्स ताठर होते, ती पुन्हा मऊ होत नाही. तुमचं झालंय ते बहुधा वेगळंच : लेन्सचा गाभा दाट होतोय, म्हणजे मोतीबिंदू. त्यानं डोळा मायनस नंबरकडे सरकतो, जवळचं दिसायला लागतं आणि लांबचं बिघडतं. स्टँडवर एसटीची पाटी वाचून बघा. उजेड फाकतो तोही त्यामुळेच. साखर वरखाली झाली तरी नंबर हलतो. तीही तपासून घ्या.

हळदीचं म्हणाल तर हा गाभा पिवळा, मग तपकिरी होत जातो आणि निळा प्रकाश अडवतो. इतकं सावकाश होतं, की ज्याचं त्याला कळत नाही. मुलगाच बरोबर असावा. पेढीवर माझं नाव सांगू नका.

'पिकू दे, मग काढू' हे जुनं झालं. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, फोडून काढायला अवघड जातो. रोजच्या कामाला अडायला लागलं की ऑपरेशनचं बोलावं. थेंबांनी तो विरघळत नाही, आणि मध-गुलाबपाणी डोळ्यात घालू नका. प्रोस्टेटच्या गोळीचं मात्र डॉक्टरांना आधीच सांगा. टॅम्सुलोसिन असेल तर ऑपरेशनमध्ये बाहुलीचा पडदा सैल पडून लपलपतो. माहीत असलं की ते तयारीनं बसतात. गोळी मनानं बंद करू नका, बंद करूनही तो परिणाम जाईलच असं नाही.

मला खरी काळजी काचबिंदूची आहे. त्यात डोळ्याची नस वाळत जाते. बहुतेक वेळा दुखत नाही, कडेची नजर आधी जाते आणि गेलेली परत येत नाही. पेपर शेवटपर्यंत वाचता येऊ शकतो, म्हणून त्याच्यावर विसंबू नका. डोळ्याचा दाब आणि नस दोन्ही तपासायला सांगा. घरी एकेक डोळा झाकून खिडकीचे गज बघत जा. सरळ गज वाकडे दिसले तर डोळ्याच्या आत मागे असलेल्या पडद्याचा (रेटिनाचा) त्रास असू शकतो, मग आठवडा घालवू नका.

जाताना तो कप्प्यातला चष्मा न्या, जुन्या नंबरावरून किती फरक पडला ते कळतं. आणि गाडी घरी ठेवा. थेंब घालून बाहुली मोठी केली की काही तास धूसर दिसतं. कुणालातरी सोबत न्या.