स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही

प्रश्न : मी राज्य शासनाच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. मार्च २०२४ पासून प्रसूती रजेवर होते. त्या काळात, ९ ऑगस्ट २०२४ ला पदोन्नतीचे आदेश निघाले. त्यात मला वगळलं आणि माझ्याहून कनिष्ठ असलेल्या दोघांना घेतलं. रुजू झाल्यावर १० सप्टेंबर २०२४ ला मी लेखी निवेदन दिलं. त्याला उत्तर आलं नाही. फेब्रुवारी आणि सप्टेंबर २०२५ मध्ये स्मरणपत्रं दिली. साहेब तोंडी म्हणाले, "मूल लहान आहे तुमचं, पुढच्या यादीत बघू." आस्थापना शाखेतले म्हणतात की, लेखी उत्तर आल्याशिवाय मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जाताच येत नाही आणि उत्तर आलं की तिथून एक वर्ष मिळतं. आणखी एक गोष्ट. हेच साहेब बाळंतपणानंतरच्या माझ्या शरीरावरून सगळ्यांसमोर नको ते बोलतात. शेवटचं बोलणं १७ डिसेंबर २०२५ ला झालं. हे दोन्ही एकाच तक्रारीत लिहू का? तक्रार केली तर बदली करतील अशी भीती वाटते.

उत्तर : ताई, आधी तारीख सांगतो, कारणं मागाहून. पदोन्नतीच्या प्रकरणात तुमच्यासाठी १० मार्च २०२६ ही शेवटची तारीख आहे असं धरून चाला. आज फेब्रुवारीचा पहिला आठवडा आहे. म्हणजे हातात जेमतेम महिना आहे, आणि उत्तराची वाट पाहत बसलात तर तोही जाईल.

आस्थापना शाखेतल्या मंडळींनी सांगितलं ते अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच ते घातक आहे. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम २० नुसार कर्मचाऱ्याने आधी खात्याकडे दाद मागायची असते, इथवर त्यांचं बरोबर. पण खातं गप्प बसलं तर काय, याचं उत्तरही त्याच कलमात आहे. निवेदन दिल्यापासून सहा महिने झाले आणि निर्णय आला नाही, तर खात्याकडचा मार्ग संपला असं कायदा मानतो. तिथून पुढे कलम २१ प्रमाणे एक वर्ष मिळतं. तुमचं निवेदन १० सप्टेंबर २०२४ चं. सहा महिने संपले १० मार्च २०२५ ला आणि वर्ष संपतं १० मार्च २०२६ ला. लेखी नकार वेळेत आला असता तर त्या नकाराच्या तारखेपासून एक वर्ष मोजलं असतं. तो आला नाही, म्हणून हा दुसरा हिशेब लागू.

मग मधल्या दोन स्मरणपत्रांचं काय? मुदतीच्या हिशेबात त्यांना काही किंमत नाही. एस. एस. राठोड विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात १९८९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलंय की, पुन्हा पुन्हा निवेदनं देत राहिल्याने मुदत लांबत नाही. पुढे २००८ मध्ये सी. जेकब प्रकरणात न्यायालय आणखी स्पष्ट बोललं : जुन्या, मुदत उलटलेल्या मागणीवर खात्याने आज उत्तर दिलं, म्हणून ती मागणी नव्याने जिवंत होत नाही. समजा, एप्रिलमध्ये तुमच्या हातात "आपली विनंती मान्य करता येत नाही" असं पत्र पडलं, तरी त्या पत्राच्या तारखेपासून नवं वर्ष सुरू होईल या भरवशावर राहू नका. सरकारी वकील पहिला आक्षेप हाच घेतील. त्यांनी नाही घेतला तरी न्यायाधिकरणाला मुदतीचा मुद्दा स्वतःहून पाहावाच लागतो.

हे मी इतकं ताणून सांगतोय, कारण ज्यांची बाजू चांगली होती अशी माणसं याच एका गोष्टीवर हरताना मी पाहत आलोय. स्मरणपत्रांची जाडजूड फाईल, प्रत्येकावर बारनिशीचा (आवक-जावक शाखेचा) शिक्का, आणि मुदत केव्हाच उलटलेली. कार्यालयात दर काही महिन्यांनी एक पत्र देऊन "पाठपुरावा चालू आहे" असं समाधान मिळतं. कायद्याच्या लेखी तो पाठपुरावा ठरत नाही.

सहकाऱ्यांपैकी कुणीतरी असंही सांगेल की, अन्याय रोज चालू आहे, त्यामुळे मुदतीचा प्रश्नच नाही. पगारनिश्चिती चुकली असेल तर हे बऱ्याच अंशी खरं आहे. दर महिन्याच्या पगारात ती चूक नव्याने घडते. तिथेही थकबाकी साधारणपणे मागच्या तीन वर्षांचीच मिळते. पण पदोन्नती आणि सेवाज्येष्ठता यांना हा युक्तिवाद चालत नाही, हे तरसेम सिंग प्रकरणात २००८ मध्ये स्पष्ट झालंय. कारण तुम्ही मागाल त्याचा परिणाम इतरांवर होतो. ज्या दोघांना पदोन्नती मिळाली, त्यांची घडी दर महिन्याला पक्की होत जाते, आणि ती मोडायला न्यायाधिकरण तितकंच नाखूश होत जातं. म्हणूनच त्या दोघांना अर्जात प्रतिवादी करा. त्यांच्याशी तुमचं वैर नसेल, रोजचा चहा एकत्र होत असेल, तरीही करा. त्यांना पक्षकार न केल्यामुळे अर्ज अडला, तर तोवर मुदत हातची गेलेली असेल.

मूळ अर्जाबरोबर विलंबमाफीचा अर्जही जोडा. माझ्या हिशेबाने तुम्ही मुदतीत आहात. पण तुमचं वर्ष पदोन्नतीच्या आदेशापासूनच, म्हणजे ९ ऑगस्ट २०२४ पासून मोजावं, असा आक्षेप समोरून येऊ शकतो. त्या वाटेने गेलं तर उशीर झालाय. कलम २१ मध्येच पुरेसं कारण दाखवल्यास उशीर माफ करण्याची तरतूद आहे. प्रसूती रजा कधी संपली, बाळाची किंवा तुमची आजारपणं, दवाखान्याची कागदपत्रं, सगळं तारखेनिशी मांडा. "घरगुती अडचणींमुळे" असं एक मोघम वाक्य लिहून भागत नाही.

विभागीय पदोन्नती समितीच्या बैठकीचं इतिवृत्त माहिती अधिकारात आजच मागा. तुम्हाला का वगळलं, हे त्यात कळेल. मात्र माहिती द्यायला ३० दिवसांची मुदत असते आणि टाळाटाळ झाली तर पहिल्या अपिलात आणखी वेळ जातो. त्यामुळे इतिवृत्त हातात येईपर्यंत मॅटचा अर्ज थांबवू नका. अर्ज दाखल झाल्यावर न्यायाधिकरणाला सांगून मूळ अभिलेख मागवता येतो.

आता तुमच्या बाजूचं बळ. पदोन्नती मिळणं हा हक्क नाही, पण पदोन्नतीसाठी विचार होणं हा संविधानाच्या कलम १६ खालचा मूलभूत हक्क आहे. केवळ प्रसूती रजेवर आहे म्हणून एखादीला विचारातून बाहेर ठेवणं म्हणजे सरळसरळ लिंगभेद. इतिवृत्तात तसं उघड कोणी लिहिणार नाही. "गोपनीय अहवाल उपलब्ध नाही" असं काहीतरी लिहिलेलं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. रजेच्या काळाचा अहवाल, म्हणजे वरिष्ठाने वर्षभराच्या कामावर लिहिलेला शेरा, नसणारच. मग समितीने आधीच्या वर्षांचे अहवाल का पाहिले नाहीत, हा तुमचा प्रश्न असायला हवा. वरकरणी सर्वांना सारखा वाटणारा निकष प्रत्यक्षात बायकांनाच मागे टाकत असेल तर तोही भेदभावच, हे सर्वोच्च न्यायालयाने लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या नितिशा प्रकरणात २०२१ मध्ये मान्य केलंय. साहेबांचं "मूल लहान आहे" हे वाक्य, ते कुठे आणि कुणासमोर बोलले त्यासह, अर्जात शपथेवर लिहा.

मागणी करताना एक चूक टाळा. "माझ्या निवेदनावर निर्णय घेण्याचे आदेश द्यावेत" एवढीच विनंती करून थांबू नका. ती पटकन मान्य होते, अर्ज निकाली निघतो, महिन्याभरात नकाराचं पत्र येतं आणि तुम्ही होतात तिथेच. कनिष्ठांना ज्या दिवशी पदोन्नती मिळाली त्या दिवसाचा मानीव दिनांक (म्हणजे तुम्हालाही त्याच दिवशी पदोन्नती मिळाली असं धरणं), त्या दिनांकाची ज्येष्ठता आणि वेतनाचे लाभ हे स्पष्ट शब्दांत मागा. मॅटचं मुख्य पीठ मुंबईत आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही पीठं आहेत. तुमच्या नेमणुकीचं ठिकाण ज्याच्या कक्षेत येतं तिथे अर्ज करायचा. त्यासाठी कार्यालयाची परवानगी लागत नाही. (जिल्हा परिषद किंवा महापालिकेतल्या कुणी हे वाचून हाच रस्ता धरू नये, त्यांची प्रकरणं मॅटकडे जात नाहीत, मुदतीही वेगळ्या.)

दुसरा विषय एकाच तक्रारीत घालू नका. शरीरावरून केलेली शेरेबाजी हा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा विषय आहे. त्यासाठी २०१३ चा स्वतंत्र कायदा आणि कार्यालयातली अंतर्गत तक्रार समिती आहे. हे साहेबच कार्यालयप्रमुख असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. इथली मुदत फार छोटी आहे : घटनेपासून तीन महिने, आणि असे प्रसंग वारंवार घडत असतील तर शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने. तुमच्या बाबतीत ती १७ मार्च २०२६ ला संपते. समिती लेखी कारणं नोंदवून जास्तीत जास्त आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, त्यापलीकडे तिच्याही हातात काही उरत नाही. तक्रार लेखी द्या, सहा प्रतींत, सोबत साक्षीदारांची नावं आणि पत्ते. जुन्या प्रसंगांच्या तारखा आठवत असतील तेवढ्या लिहा, पण १७ डिसेंबरचा प्रसंग मात्र संपूर्ण लिहा : शब्द काय होते, कोण हसलं, कोण उठून गेलं, तुम्ही काय म्हणालात. लाज वाटून शब्द गाळू नका. "अश्लील बोलले" एवढ्यावरून समितीला काहीच ठरवता येत नाही.

या कायद्यातल्या एका सोयीची फार कमी जणींना माहिती असते. चौकशी चालू असताना या अधिकाऱ्याने तुमचा गोपनीय अहवाल लिहू नये, ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावं, अशी लेखी विनंती तुम्ही समितीला करू शकता. पुढची पदोन्नती तुमच्या डोळ्यांसमोर आहे, तेव्हा तक्रारीबरोबरच ही विनंती द्या. अधिकाऱ्याची किंवा तुमची अन्यत्र बदली, तसंच तीन महिन्यांपर्यंतची रजा, हेही याच टप्प्यावर मागता येतं.

बदलीची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण महाराष्ट्राच्या २००५ च्या बदली अधिनियमाने अधिकाऱ्यांचे हात बरेच बांधलेत. मुदतपूर्व बदली करायची तर विशेष कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. तक्रारीनंतर आठ-पंधरा दिवसांत बदलीचा आदेश निघाला, तर ती सूडबुद्धीची आहे हे दाखवायला तारखाच बोलतात. मॅट अशा आदेशांना स्थगिती देतं, मात्र त्यासाठी कार्यमुक्त होण्याआधी, आदेश हातात पडताच धावावं लागतं.

या आठवड्यात वकिलाकडे जाताना १० सप्टेंबर २०२४ च्या निवेदनाची पोच घेऊन जा. पोच हरवली असेल तर आवक नोंदवहीतल्या त्या नोंदीची प्रत माहिती अधिकाराच्या त्याच अर्जात मागून ठेवा. सोबत पदोन्नतीचा आदेश, ज्येष्ठता यादी आणि रजा मंजुरीचं पत्र ठेवा. अर्ज दाखल करायचा दिवस मार्चचा नको, फेब्रुवारीचाच ठरवा. त्रुटी काढल्या गेल्या तर त्या दुरुस्त करायलाही दिवस लागतात.