पैसे भरून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्येही जाहिराती का दिसतात आणि त्या बंद कशा करायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सदाशिव पेठेत चार संगणकांचं कर सल्लागाराचं ऑफिस, वर्ड-एक्सेलचं वर्षाचं सबस्क्रिप्शन भरलेलं, हिशेबाचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं, त्याचेही पैसे वेळेवर जातात. तरी कधी 'अपग्रेड करा', कधी 'व्यवसायासाठी झटपट कर्ज', कधी आणखी काहीतरी वर येतं. १९ तारखेला संध्याकाळी जीएसटीचं ३बी रिटर्न भरायच्या घाईत नेमकी 'सेव्ह'च्या डोक्यावर पट्टी. हे बंद होईल का, आणि तक्रार करता येते का?

बरंचसं बंद होतं. पण सगळ्यांना 'सॉफ्टवेअरमधली जाहिरात' म्हणून एकाच पोत्यात भरलंत तर एकही बंद होणार नाही. आधी बोलतंय कोण ते ओळखा. चार जण असू शकतात: विंडोज, ब्राउझरमधली एखादी भलतीच वेबसाइट, प्रत्यक्ष ते सॉफ्टवेअर, किंवा तुम्ही पैसे भरले आहेत हेच माहीत नसलेली त्या सॉफ्टवेअरची एखादी प्रत. चौघांची बटणं चार ठिकाणी आहेत.

शेवटच्यापासून सुरू करतो, कारण चार-पाच संगणकांच्या ऑफिसात हाच घोळ जास्त असतो. वर्ड उघडा, फाइल, मग अकाउंट. उजवीकडे 'सबस्क्रिप्शन प्रॉडक्ट' लिहिलंय का आणि खाली 'बिलाँग्ज टू'पुढे कोणता ईमेल आहे, ते बघा. लॅपटॉपबरोबर दुकानदाराने एकदाच पैसे घेऊन दिलेलं मायक्रोसॉफ्ट ऑफिस असेल, किंवा पैसे एका ईमेलवर भरलेत आणि संगणकावर लॉगिन दुसऱ्याच ईमेलने आहे, असं असेल तर त्या प्रतीच्या लेखी तुम्ही गिऱ्हाईक नाहीच. ती 'सबस्क्रिप्शन घ्या' म्हणत राहणार. नव्या आउटलुकमध्ये मेलच्या यादीतच पहिल्या ओळीत जाहिरात दिसते, तीही बहुधा याच कारणाने. चारही संगणकांवर हे तपासा आणि कुठे कोणता ईमेल आहे ते कागदावर लिहून ठेवा.

जीमेलचं मात्र वेगळं. गुगल वनचे पैसे भरले की जीमेलमधल्या जाहिराती जातील, असं अनेकांना वाटतं. जात नाहीत, ते पैसे मुख्यतः जागेचे. जाहिराती प्रमोशन्स आणि सोशल या टॅबमध्ये येतात. सेटिंग्जमध्ये 'सी ऑल सेटिंग्ज', मग इनबॉक्स, आणि तिथे या दोन्हींवरची खूण काढा. टॅब गेले की जाहिरातींची जागाही गेली. फक्त ते सगळे मेल मग मुख्य यादीत येऊन पडतात, तेव्हा एकदा बसून नको त्यांचं 'अनसबस्क्राइब' करून टाका.

आता ब्राउझर. खाली उजव्या कोपऱ्यात सरकत येणाऱ्या चौकोनाच्या अगदी वरच्या बारीक ओळीत पाठवणाऱ्याचं नाव असतं. तिथे क्रोम किंवा एज आणि खाली कुठल्या तरी साइटचा पत्ता असेल, तर तुमच्या सॉफ्टवेअरचा त्यात काही संबंध नाही. कोणीतरी कधीतरी एका साइटवर 'अलाउ' दाबलेलं असतं, बास. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. 'अलाउड'च्या यादीत बँक आणि ऑफिसचा मेल ठेवा, बाकी काढा. 'तुमचा संगणक धोक्यात आहे, अँटिव्हायरसचं नूतनीकरण करा' असा लाल चौकोन अनेकदा इथूनच येतो, आणि लोक त्यावर क्लिक करून खरोखर पैसे भरतात.

विंडोजचे पैसे लॅपटॉपच्या किमतीतच गेलेले असतात, तरी तो गप्प बसत नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, नोटिफिकेशन्स, अगदी तळाला 'ॲडिशनल सेटिंग्ज'. तिथल्या तिन्ही खुणा काढा. त्यातली मधली महत्त्वाची. सकाळी संगणक चालू केला की पूर्ण पडदा निळा करून 'डिव्हाइस सेट करायचं राहिलंय' असं सांगणारा आणि पुढच्या पानांवर सबस्क्रिप्शन विकणारा जो प्रकार आहे, तो ही खूण काढल्याने थांबतो. त्या पडद्यावरचं 'तीन दिवसांनी आठवण करा' हे बटण म्हणजे नकार नव्हे. ते दाबलंत तर तीन दिवसांनी तो पुन्हा हजर. मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये 'जनरल' (नव्या आवृत्तीत त्याचं नाव 'रेकमेंडेशन्स अँड ऑफर्स'): ॲडव्हर्टायझिंग आयडी आणि 'सजेस्टेड कंटेंट' बंद. पर्सनलायझेशन, स्टार्ट: टिप्स आणि नव्या ॲप्सच्या शिफारशी बंद. फाइल एक्स्प्लोररमध्ये वरच्या तीन टिंबांतून ऑप्शन्स, व्ह्यू, आणि यादीत खाली 'शो सिंक प्रोव्हायडर नोटिफिकेशन्स'ची खूण काढा. हे सगळं प्रत्येक संगणकावर आणि प्रत्येक विंडोज यूजरसाठी वेगळं करावं लागतं. मोठा वार्षिक अपडेट झाला की पुन्हा एक फेरी मारा, कारण नव्या आवृत्तीबरोबर नवी बटणं येतात आणि ती चालूच असतात.

वर्ड-एक्सेलमधल्या को-पायलटचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाचा, उल्लेख तुम्ही केला नाहीत, पण 'आणखी काहीतरी'मध्ये तो असणारच. फाइल, ऑप्शन्स, को-पायलट, 'एनेबल को-पायलट'ची खूण काढा. ही खूण त्या ॲपपुरती आणि त्या संगणकापुरती असते. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट गुणिले चार संगणक, म्हणजे बारा वेळा. 'ऑप्शन्स'मध्ये को-पायलट दिसतच नसेल तर आधी ऑफिस अपडेट करा. फाइल, अकाउंट, मॅनेज सेटिंग्ज इथून 'एक्स्पिरियन्सेस दॅट ॲनालाइझ युवर कंटेंट' बंद करण्याचाही मार्ग आहे, पण त्यात पॉवरपॉइंटमधल्या डिझायनरसारख्या सोयीही जातात. मायक्रोसॉफ्टचा बिझनेस प्लॅन असेल तर ॲडमिन सेंटरमध्ये ऑर्ग सेटिंग्जखाली 'सेल्फ-सर्व्हिस ट्रायल्स अँड पर्चेसेस' आहे, ते बंद करून टाका. जाहिरात दिसणं त्याने थांबणार नाही. पण कर्मचाऱ्याने 'ट्राय' दाबून ट्रायल सुरू करण्याची वाट बंद होते, आणि ती बंद असणं जास्त गरजेचं आहे.

आता हिशेबाचं सॉफ्टवेअर. खरी डोकेदुखी इथे आहे, कारण बटण अनेकदा नसतंच. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या या पट्ट्या बहुधा मूळ प्रोग्रॅमचा भाग नसतात. कंपनीचा मार्केटिंग विभाग इंटरकॉम, पेंडो, ॲपक्यूजसारख्या संदेश दाखवणाऱ्या सेवांतून त्या सोडतो: कोणत्या प्लॅनच्या, कोणत्या अधिकाराच्या वापरकर्त्याला, कोणत्या पानावर, किती दिवसांनी पुन्हा. फुली मारली की संदेश मिटतो, पण ती मोहीम चालूच राहते. शिवाय दुसऱ्या संगणकावर किंवा कुकीज पुसल्यावर तो पुन्हा येतो, कारण काही संदेशांची 'बंद केलं' ही नोंद फक्त त्या ब्राउझरमध्ये असते.

याच यंत्रणेचा उपयोग उलटा करता येतो. विक्रीचे संदेश मुख्यतः पैसे देण्याचा अधिकार असलेल्याला, म्हणजे 'ओनर' किंवा 'ॲडमिन'ला, दाखवले जातात. अनेक लहान ऑफिसांत चौघेही एकाच ॲडमिन लॉगिनने काम करतात. ती सवय सोडा. रोजच्या नोंदींसाठी 'अकाउंटंट' किंवा 'स्टाफ' असे मर्यादित अधिकाराचे यूजर तयार करा आणि ॲडमिन लॉगिन बिल भरण्यापुरतं ठेवा. जास्तीच्या यूजरचे पैसे पडतात का, ते आधी प्लॅनमध्ये बघून घ्या. पट्ट्या बऱ्याच कमी होतात, आणि कोणती नोंद कोणी खोडली हेही कळायला लागतं. जाहिरात नसती तरी मी हेच सांगितलं असतं.

त्यानंतर प्रोफाइलमधल्या नोटिफिकेशन किंवा प्रायव्हसीच्या पानावर 'प्रॉडक्ट अपडेट्स', 'पार्टनर ऑफर्स', 'मार्केटिंग' असे शब्द शोधा. 'पार्टनर'वाली खूण सर्वांत आधी काढा, कर्जाच्या जाहिराती तिथून येतात. कर्जाची पट्टी तुमच्या उलाढालीच्या आकड्यांशी जुळणारी वाटली, तर कंपनीला लेखी विचारा की आमच्या हिशेबाची माहिती तिसऱ्या पक्षाला दिली आहे का. कर सल्लागाराच्या ऑफिसात ती माहिती तुमची नसते, अशिलांची असते, म्हणून हा प्रश्न पट्टीपेक्षा मोठा आहे.

एवढं करून राहिलं तर फायरफॉक्स ब्राउझरमध्ये युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन घाला. क्रोमवर त्याची पूर्ण आवृत्ती आता चालत नाही. त्यातलं 'एलिमेंट पिकर' घेऊन पट्टीवर नेम धरा, निवड बरोबर आहे ना ते प्रीव्ह्यूमध्ये बघा आणि 'क्रिएट' दाबा. इथे दोन गोष्टी बिघडतात. पट्टीच्या कोडमधलं नाव आपोआप तयार झालेल्या अक्षरांचं कडबोळं असेल तर पुढच्या अपडेटला ते बदलतं आणि पट्टी परत येते. दुसरी चूक जास्त महागात पडते: चिडून संदेश पाठवणारी पूर्ण सेवाच ब्लॉक केली, तर मदतीची चॅट जाते आणि 'आज रात्री सर्व्हर बंद', 'रिटर्नच्या फॉरमॅटमध्ये बदल' या कामाच्या सूचनाही त्याच वाटेने येत असल्याने त्या दिसत नाहीत. २० तारखेच्या आदल्या दिवशी हे परवडणारं नाही. फक्त ती एक पट्टी लपवा.

तक्रारीबद्दल. १९०९ वरची डीएनडी ('डू नॉट डिस्टर्ब') नोंदणी फोन आणि एसएमएससाठी आहे, सॉफ्टवेअरच्या आतल्या जाहिरातीला ती लागत नाही. लागू पडतात ती केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ३० नोव्हेंबर २०२३ ची डार्क पॅटर्नविषयक, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविषयीची, मार्गदर्शक तत्त्वं. त्यात १३ प्रकार दिले आहेत. तुमच्या कामाचे तीन: पुन्हा पुन्हा तेच विचारून भंडावणं, दुसऱ्याच मजकुराचा वेश घेतलेली जाहिरात, आणि सॉफ्टवेअर सेवेच्या बिलातली लबाडी, म्हणजे फुकट ट्रायल न सांगता पैशांच्या प्लॅनमध्ये बदलणं वगैरे. कंपनी परदेशी असली तरी भारतात पद्धतशीर सेवा विकत असेल तर ही तत्त्वं तिला लागू आहेत. मात्र कंपनीने आपलंच दुसरं उत्पादन एकदा दाखवणं यात बसत नाही, ते कितीही खटकलं तरी. नकार दिल्यावर तेच परत येत असेल तर मुद्दा उभा राहतो.

म्हणून पुरावा नीट गोळा करा. विंडोज-शिफ्ट-एसने पट्टीपुरता तुकडा कापू नका, त्यात तारीख-वेळ येत नाही. विंडोज आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबा: पूर्ण पडदा, खालच्या घड्याळासकट, पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये जातो. फुली मारली त्या दिवशीचा एक आणि पट्टी परत आली त्या दिवसाचा एक, अशी जोडी हवी. आधी कंपनीला ईमेल: प्लॅनचं नाव, बिल क्रमांक, या दोन तारखा आणि एकच मागणी, 'आमच्या खात्याला प्रमोशनल संदेशांतून वगळा'. मदत कक्षाला हे एका खात्यापुरतं करता येणं पुष्कळदा शक्य असतं. मागितल्याशिवाय कोणी करत नाही. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलता येतं. ती मध्यस्थी करते, आदेश देत नाही.

आदेश हवा तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथे, म्हणजे पुण्यातच, तक्रार दाखल करता येते. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, आणि ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते. पण समोरचा वकील पहिला आक्षेप घेणार तो 'व्यावसायिक हेतू'चा. स्वयंरोजगारासाठीची सवलत २०१९ च्या कायद्यात वस्तूंच्या संदर्भात आहे आणि तुमचं सबस्क्रिप्शन ही सेवा ठरण्याची शक्यता जास्त. नुसत्या पट्टीसाठी मी आयोगात जाणार नाही. पैसे न सांगता कापले असतील तर जरूर जाईन. आधी सल्ला हवा असेल तर ग्राहक पंचायतीकडे जा. ती चळवळ १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यातच सुरू केली.

तुमचं खरं वजन नूतनीकरणाच्या वेळी पडतं. कार्डावरच्या आवर्ती वसुलीआधी किमान २४ तास बँकेने कळवणं बंधनकारक आहे आणि त्यातून ती वसुली नाकारता येते. १५ हजारांवरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. तरी त्या एसएमएसची वाट बघू नका, महिनाभर आधीच खात्यात जाऊन 'रिकरिंग बिलिंग' बंद करा. बहुतेक सेवा भरलेल्या तारखेपर्यंत चालू राहतात. ॲडोबीच्या 'वर्षाचा करार, महिन्याला हप्ता' या प्लॅनचं तसं नाही: १४ दिवसांनंतर सोडलात तर उरलेल्या रकमेच्या निम्मी भरावी लागते. बंद करायला गेल्यावर काही वेळा आधी न दिसलेला स्वस्त प्लॅनही पुढे येतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला तो याचसाठी. वर्षाचा दर १०९ डॉलरवरून १५९ वर नेताना को-पायलट नसलेला जुन्या दराचा 'क्लासिक' प्लॅन रद्द करण्याच्या पानांवर पोचेपर्यंत दाखवला नाही, असा आरोप आहे.

हिशेबाचं सॉफ्टवेअर बदलण्याची धमकी द्यायची असेल तर आधी सगळ्या अशिलांचा डेटा एक्सेलमध्ये काढून बघा. लेजर, व्हाउचर क्रमांक, जोडलेली बिलं आणि ऑडिट ट्रेल (कोणी कधी काय बदललं त्याची नोंद) वेगवेगळे उतरवावे लागतात, आणि बिलांच्या पीडीएफ पुष्कळदा या निर्यातीत येतच नाहीत. एका अशिलाचं एक पूर्ण वर्ष दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चढवून ट्रायल बॅलन्स जुळतो का बघा. जुळला की मगच कंपनीला नूतनीकरणाबद्दल ईमेल लिहा.