वाचकांचे प्रश्न : समुद्रातली वाळू पुळणीवर

गेल्या अंकात खचत चाललेल्या किनाऱ्यावर समुद्रतळाची वाळू उपसून टाकण्याच्या उपायाची छोटी ओळख दिली होती. समुद्रापासून इतक्या लांबच्या पुण्यातून एवढी पत्रे येतील असे वाटले नव्हते. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आम्ही दरवर्षी दापोलीकडे जातो. मे महिन्यात ऐसपैस दिसणारी पुळण ऑगस्टमध्ये निम्मीही उरत नाही. अशा ठिकाणी वाळू टाकायची म्हणजे समुद्रात पैसे ओतणेच नाही का? (कोथरूड)

उत्तर : मे आणि ऑगस्ट यांची तुलनाच करू नका. पावसाळ्यातल्या उंच, एकामागोमाग येणाऱ्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात, पण ती फार लांब जात नाही. थोड्या खोल पाण्यात तिचा दांडा, म्हणजे पाण्याखालची लांबट रास, तयार होतो आणि ऑक्टोबरनंतरच्या संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. ही धूप नव्हे, वर्षाचा फेरा आहे.

खरी धूप ओळखायची तर दरवर्षी एकाच महिन्यात, शक्यतो एप्रिल-मेमध्ये, हलणार नाही अशा खुणेपासून अंतर मोजावे. देवळाची पायरी किंवा जुना दगडी खांब चालेल. भरती-ओहोटीची वेळही तीच हवी. पुळणीचा उतार १:४० असेल तर पाण्याची पातळी अर्धा मीटर वर-खाली झाली की पाण्याची कड २० मीटर सरकते. मोबाइलवरचे फोटो शेजारी ठेवून होणारे बहुतेक वाद इथेच गडबडतात. सुरूची मुळे उघडी पडून मे आला तरी झाकली गेली नाहीत आणि असे सलग चार-पाच वर्षे झाले, तर मात्र वाळूचा साठाच घटतो आहे असे समजावे.

प्रश्न : समुद्राच्या तळाची वाळू किनाऱ्यावर नेमकी आणतात कशी? होडीत भरून? (सिंहगड रस्ता)

उत्तर : होडीसारखेच, पण जहाजच स्वतः वाळू ओढते, पोटात भरते आणि बाहेर ढकलते. या उपसा-जहाजाला ड्रेजर म्हणतात. त्याच्या कुशीला एक किंवा दोन लांब नळ असतात आणि नळाच्या टोकाला तळावर घसटत जाणारे जड पोलादी तोंड. जहाज ताशी ४-५ किलोमीटर अशा बैलगाडीच्या चालीने पुढे जाते, तोंडातले पाण्याचे फवारे तळाची वाळू सैल करतात आणि पंप वाळू-पाण्याचा काला ओढून जहाजाच्या पोटातल्या हौदात सोडतो. वाळू खाली बसते, वरचे पाणी सांडव्यातून बाहेर जाते. या पाण्याबरोबर बारीक गाळही जातो. हौदातला माल त्यामुळे स्वच्छ होतो, पण समुद्रात गढूळ पाण्याचा पट्टा पसरतो.

एका जागी खोल खड्डा करत नाहीत. पट्ट्यापट्ट्याने काही डेसिमीटरचा थर काढतात आणि खाली वाळूचा थर शिल्लक ठेवतात, म्हणजे तळावरच्या जीवांना पुन्हा वस्ती करता येते. उपशाची जागा किनाऱ्यापासून पुरेशी लांब आणि खोल असावी लागते. नेदरलँड्समध्ये २० मीटर खोलीच्या रेषेपलीकडूनच वाळू घेतात. कारण किनाऱ्याजवळ खड्डा केला की त्यावरून येणाऱ्या लाटा वाकतात. अमेरिकेत लुईझियानातल्या ग्रँड आयल बेटावर १९८४ मध्ये असे जवळ खड्डे झाले. त्यांच्या मागे काही जागी वाळू साठून किनाऱ्याला टोके आली आणि शेजारचे भाग खचले.

हौद भरला की जहाज किनाऱ्याकडे येते, पण अगदी जवळ येऊ शकत नाही. ८,००० घनमीटरचा ड्रेजर भरल्यावर ७-८ मीटर पाण्यात बुडतो. मग तो किनाऱ्यापासून किलोमीटर-दीड किलोमीटरवर थांबून तरंगत्या नळाला जोडला जातो. तिथून तळावर टाकलेली पोलादी पाइपलाइन पुळणीवर येते. हौदातल्या वाळूत पुन्हा पाणी मिसळून तो काला पंपाने ढकलतात. काल्यात वाळूचे प्रमाण आकारमानाने साधारण पाचवा हिस्सा, बाकी पाणी. वेग सेकंदाला ४-५ मीटरच्या खाली गेला की वाळू नळाच्या तळाशी बसू लागते आणि नळ चोंदतो. म्हणून पंप बंद करण्याआधी काही मिनिटे नुसते पाणी सोडून लाइन धुऊन काढतात. ही शिस्त एकदा मोडली की पाइपलाइनचे तुकडे सोडवून आतली वाळू उकरत बसावे लागते आणि जहाज तोवर भाडे खात उभे राहते. वाळू जाड असेल किंवा अंतर वाढले तर मध्ये बूस्टर पंप, म्हणजे जोर वाढवणारा जादा पंप, लावतात. नळाची वळणे सगळ्यात आधी झिजतात, त्यामुळे जादा नग हाताशी ठेवणे आलेच.

पुळणीवर बुलडोझर किनाऱ्याला समांतर वाळूची पाळ घालतात. नळातून पडणारे पाणी त्या पाळीच्या आतून लांबवर फिरते आणि जाताजाता वाळू खाली टाकते. पाळ नसेल तर पाणी तडक समुद्रात घुसते आणि टाकलेली वाळू सोबत घेऊन जाते.

प्रश्न : एका ठिकाणी भराव झाल्यावर वर्षभरात निम्मी पुळण गेल्याचे वाचले. ठेकेदाराने वाळू कमी टाकली असेल का? (वाकड)

उत्तर : तशी शक्यता असते, म्हणून कामाआधी आणि नंतर इको साउंडरने, म्हणजे ध्वनिलहरींनी खोली मोजणाऱ्या यंत्राने, तळ मोजतात आणि हौदातला मालही मोजतात. पण मोजमाप चोख असूनही पुळण निम्मी दिसू शकते, आणि ते हिशेबाप्रमाणेच असते.

समजा १ किलोमीटर लांबीची पुळण ३० मीटरने रुंद करायची आहे. पुळणीचा माथा समुद्राच्या सरासरी पातळीच्या २ मीटर वर आहे आणि लाटा ६ मीटर खोलीपर्यंतची वाळू हलवतात. किनारा १ मीटर पुढे न्यायचा तर हा सगळा ८ मीटर उंचीचा उतारच पुढे सरकवावा लागतो. म्हणजे दर मीटर लांबीला ८ घनमीटर. ३० मीटरसाठी २४०, आणि अख्ख्या किलोमीटरला २ लाख ४० हजार घनमीटर. आपल्या बांधकामाच्या भाषेत सुमारे ८५ हजार ब्रास! फेरीला ६,००० घनमीटर धरले तर ४० फेऱ्या. रोज चार झाल्या तर दहा दिवसांचे काम. म्हणजे वाळू उपसण्यापेक्षा जहाज आणि पाइपलाइन तिथवर आणून मांडण्याचा खर्चच अनेकदा जड पडतो. छोटी कामे महाग का पडतात, ते यावरून लक्षात येईल.

आता ही सगळी वाळू बुलडोझर पाण्याखाली पसरू शकत नाही. ती वरच, नैसर्गिक उतारापेक्षा कितीतरी उभी रचली जाते. उद्घाटनाच्या दिवशी पुळण ७०-८० मीटरने वाढलेली दिसते. पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत लाटा उतार आपल्या पसंतीचा करून घेतात, वाळू पाण्याखाली पसरते आणि कोरडी रुंदी ३० मीटरवर येते. वाळू गेलेली नसते, ठरल्या जागी पोचलेली असते. हे आधी फलकावर लिहून ठेवले असते तर निम्मी ओरड वाचली असती, असे आमचे मत.

खरी गडबड होते ती कणांच्या जाडीत. समतोल उताराचे सर्वमान्य सूत्र लावले तर ०.३ मिलिमीटर वाळूला ६ मीटर खोली गाठायला सुमारे ३३० मीटर अंतर लागते, ०.२ मिलिमीटर वाळूला सुमारे ४६५ मीटर. फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा, पण उतार १३०-१३५ मीटर लांबतो. म्हणून मूळ वाळूपेक्षा बारीक वाळू टाकली तर कितीतरी जास्त माल लागतो, आणि कधी कधी सगळा भराव पाण्याखाली जाऊन कोरडी पुळण हाती लागतच नाही. कंत्राटात चाळणीच्या चाचणीची अट आहे का, ६३ मायक्रॉनखालचा (०.०६३ मिलिमीटरहून बारीक) गाळ किती टक्क्यांपर्यंत चालेल, आणि नमुने समुद्रतळातून काही मीटर खोल नळी घालून काढलेत की नुसते वरवर खरवडून, हे तीन प्रश्न विचारले की काम कसे होणार याचा अंदाज येतो.

प्रश्न : खडकवासला-पानशेतचा गाळ किंवा क्रश सँड तिकडे का नेत नाहीत? इथे तर ढीग आहेत. (वडगाव)

उत्तर : धरणातला गाळ बहुतांशी माती. पहिल्याच लाटेत तो पाण्यात मिसळून लांब जाईल. त्याची जागा शेतात. क्रश सँड म्हणजे बेसाल्टचा चुरा, टोकदार आणि धुळीने भरलेला. काळा असल्याने उन्हात जास्त तापतो, ते पायांनाही नको आणि कासवांच्या अंड्यांनाही. शिवाय ८५ हजार ब्रास घाटातून डंपरने उतरवायचे हा विचार करून पाहा. भीमेची वाळूही काही पत्रांत सुचवली आहे. ती नदी कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाते. कोकणच्या किनाऱ्याला ती कधीच मिळत नव्हती.

प्रश्न : मग कोकणासमोरच्या समुद्रातून का काढत नाहीत? (बाणेर)

उत्तर : कारण समोर वाळू नाही. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्राचा तळ बहुतेक ठिकाणी चिखलाचा आहे. साधारण ५०-६० मीटर खोलीच्या पलीकडे वाळू भेटते. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा बरीच खाली होती त्या काळातली ती वाळू आहे. मधल्या आकाराच्या ड्रेजरचा नळ ३० मीटरच्या आसपास पोचतो. अधिक खोलवरचे ड्रेजर आहेत, पण एका छोट्या पुळणीसाठी ते आणणे परवडत नाही.

म्हणून कोकणात व्यवहार्य साठा म्हणजे खाडीच्या तोंडाशी साचणारा दांडा आणि बंदराच्या मार्गातून काढलेली वाळू. मासेमारी बंदरांतून गाळ काढावाच लागतो. त्यात वाळू निघाली तर ती खोल समुद्रात न फेकता शेजारच्या पुळणीवर टाकणे शहाणपणाचे. पण इथेही चाचणी हवी, कारण बंदराच्या आतला माल पुष्कळदा काळा चिखलच असतो.

पूर्व किनाऱ्यावर हा मार्ग रुळलेला आहे. तिथे लाटा वर्षभरात एकंदरीने वाळू उत्तरेकडे नेतात. विशाखापट्टणमच्या बाह्य बंदराने ही वाट अडवली, म्हणून बंदराच्या दक्षिणेला अडकणारी वाळू काढून उत्तरेच्या रामकृष्ण बीचवर सोडतात. पुद्दुचेरीत १९८० च्या दशकात बंदराचे लाटरोधक बांध झाले आणि शहरासमोरची पुळण संपून दगड उरले. तिथे २०१८ मध्ये पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा पोलादी बांध बसवला आणि वाळूही भरली, तेव्हा पुळण परत आली. ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीच्या मुखाशी तर २००१ पासून कायमचे पंपच आहेत. वर्षाला सुमारे ५ लाख घनमीटर वाळू ते मुख ओलांडून पलीकडे देतात. नेदरलँड्सने २०११ मध्ये २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू एकाच जागी ओतून ठेवली. ती पसरवण्याचे काम वारा, लाटा आणि प्रवाह करतात.

प्रश्न : आमची किनाऱ्यालगत जागा आहे. आम्ही पाच-सहा जणांनी मिळून १०० मीटरवर वाळू टाकली तर? (सहकारनगर)

उत्तर : करू नका. परवानगीचा प्रश्न आहेच. ओहोटीच्या रेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी आणि किनाऱ्याचा पट्टा सीआरझेडखाली, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांखाली, येतो, आणि राज्याच्या किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाकडे गेल्याशिवाय हलता येत नाही. पण परवानगी मिळाली तरी गणित विरोधात जाते.

मोकळ्या, सरळ किनाऱ्यावर टाकलेला भराव लाटा दोन्ही बाजूंना पसरवतात आणि त्याचे आयुष्य लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. फुटणाऱ्या लाटा सरासरी १ मीटरच्या धरल्या तर ५ किलोमीटरच्या भरावातली निम्मी वाळू बाजूला जायला चार वर्षे लागतात, १ किलोमीटरच्या भरावातली सुमारे दोन महिन्यांत जाते. तुमच्या १०० मीटरचा हिशेब तासांत येतो! लाटा दुप्पट उंच असतील तर हे आयुष्य आणखी साडेपाच पटींहून थोडे जास्तच घटते. दोन डोंगरी नाकांमधली बंदिस्त पुळण याला अपवाद. तिथे वाळूला बाजूला जायला वाट नसते, आणि कोकणात अशा पुळणी पुष्कळ आहेत. पण मग भरावही अख्ख्या पुळणीला हवा, तुमच्या कुंपणापुरता नाही.

काही जण दगडी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा आग्रह धरतात. त्याने मागची जमीन वाचते हे खरे. पण लाट बंधाऱ्यावर आपटून परतते आणि पायथ्याची वाळू खणते, आणि बंधारा संपतो तिथे शेजाऱ्याची बाग खचू लागते. घरे आणि रस्ता थेट धोक्यात असतील तरच तो मार्ग.

प्रश्न : कासवांचे काय? (औंध)

उत्तर : ऑलिव्ह रिडले कोकणात साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात, पिल्ले मेपर्यंत निघत राहतात. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला. म्हणजे ड्रेजरला उरतो तो जेमतेम ऑक्टोबर. एवढ्यात काम न झाल्यास विणीच्या पुळणी वगळाव्यात. ड्रेजरच्या तोंडाला कासव बाजूला सारणारे पाते बसवतात. भरावानंतर लाटा अर्धा-एक मीटरचा उभा कडा कापतात, तो मोडून उतार सरळ करावा, नाहीतर मादी वर चढू शकत नाही. बुलडोझरने दाबून घट्ट झालेली वाळू नांगरून सैल करावी. वाळूचा रंगही जुळवावा, कारण घरट्यातल्या तापमानावर पिल्लू नर की मादी ते ठरते.

प्रश्न : खडकवासल्याच्या संशोधन शाळेत समुद्राच्या प्रतिकृती आहेत म्हणतात. मग वाळू किती टिकेल ते तिथेच का पाहत नाहीत? (नांदेड सिटी)

उत्तर : केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा १९१६ पासूनची. बंदरे, लाटा, लाटरोधक बांध यांच्या लहान प्रतिकृती तिथे करतात. पाणी आणि लाटा लहान करता येतात, अडचण कणांची आहे. १:१०० प्रमाणात ०.२ मिलिमीटरचा कण २ मायक्रॉनचा होतो. म्हणजे वाळू राहतच नाही, चिकणमाती होते आणि वेगळीच वागते. म्हणून प्रतिकृतीत लाटा आणि प्रवाह पाहतात, आणि वाळूचा हिशेब गणिती प्रारूपावर करून तो किनाऱ्यावरच्या मोजमापांशी ताडून घेतात. ती मोजमापे निदान एका पूर्ण वर्षाची, दोन्ही मोसमांतली हवीत. नुसती जानेवारीत केलेली पाहणी प्रारूपात घातली तर उत्तर फार सुखाचे येते.