चावणाऱ्या किड्यांच्या फ्लाय : तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

गेल्या अंकात ट्राउट माशासाठी फ्लाय कशी बांधतात यावर लिहिलं होतं, म्हणजे गळावर दोरा, पिसं, लोकर गुंडाळून केलेला नकली किडा, आणि त्यावर जी पत्रं आली त्यात बहुतेकांनी चावणाऱ्या आणि डंख मारणाऱ्या किड्यांबद्दलच विचारलंय. चिलटं, डास, गांधीलमाश्या, गोमाश्या. नदीकाठी तासभर उभं राहिलं की आधी हेच भेटतात, त्यामुळे प्रश्न रास्तच आहेत. इथे मी इंग्लंडात डर्बीशरमध्ये राहते आणि सगळी बांधाबांध इथल्या नद्यांसाठी करते, त्यामुळे उत्तरं त्या अनुभवातून आहेत, बाकी देशातल्यांनी आपल्या पाण्याप्रमाणे थोडा फरक करून घ्या.

ताई, मी मूळचा साताऱ्याचा, सध्या नोकरीसाठी स्कॉटलंडात इन्व्हर्नेसला. उन्हाळाभर मिज (चिलटं) इतके चावतात की तळ्यावर उभं राहवत नाही. एवढे ढगच्या ढग आहेत म्हणजे ट्राउट त्यांच्यावरच पोसत असणार ना? त्याची फ्लाय कशी बांधू?

तुम्हाला जो चावतो तो हायलँड मिज, क्युलिकॉइडिस इम्पंक्टेटस. त्याचा पंख जेमतेम दीड मिलिमीटर, तेवढ्या मापाचा गळ बांधायला घेतला तर हातात धरताही येणार नाही, पण खरी अडचण मापाची नाहीये. त्याच्या अळ्या तळ्यात वाढतच नाहीत, त्या वाढतात काठावरच्या ओल्या, पीट (अर्धवट कुजलेला पालापाचोळा) असलेल्या मातीत आणि शेवाळात. म्हणजे ट्राउटच्या ताटात तो फारसा येतच नाही. चावते ती फक्त मादी, आणि तीसुद्धा अंड्यांची पहिली खेप रक्ताशिवाय घालते, रक्त लागतं ते पुढच्या खेपेला.

ट्राउट खातो ते त्याचे न चावणारे चुलतभाऊ, कायरोनोमिड. त्यांच्या अळ्या तळाच्या गाळात असतात, मग कोष होतो आणि तो कोष हळूहळू वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाखाली लटकून राहतो. हा लटकण्याचा वेळ म्हणजे माशाची मेजवानी. इथले लोक त्या फ्लायला बझर म्हणतात आणि बांधायला ती खरंच सोपी आहे. १२ किंवा १४ नंबरचा वाकडा गळ घ्या (नंबर जितका मोठा तितका गळ बारीक), काळ्या दोऱ्याचं गुळगुळीत अंग करा, शेपटीकडून डोक्याकडे किंचित जाड होत जाणारं, त्यावर बारीक चंदेरी तारेचे विरळ वेढे, डोक्याजवळ दोन्ही बाजूंना नारिंगी रंगाचा छोटा ठिपका (ते पंखांचे कोंब) आणि अगदी पुढे पांढऱ्या धाग्याचा बारीकसा झुपका, तो श्वासाच्या तंतूंचा. वरून वार्निशचे दोन हात, पहिला वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका नाहीतर पांढुरका होतो. फेकल्यावर ओढू नका, वाऱ्याबरोबर वाहू द्या, फार तर बोटांनी दोरी इंच-इंच गोळा करा.

एक बरं आहे, जरा वारा सुटला की मिज उडत नाहीत आणि बझर मात्र चालतोच, तेव्हा वाऱ्याचा दिवस निवडा.

आम्ही मिशिगनमध्ये असतो, मुलाला डासासारखी फ्लाय बांधायचीये. दुकानात मॉस्किटो नावाची मिळते पण एकाने ग्रिफिथ्स नॅट बांध म्हणून सांगितलं. नवशिक्याला कुठली जमेल?

ग्रिफिथ्स नॅट, डोळे झाकून. आणि तुम्ही मिशिगनमध्येच आहात म्हणून सांगते, ती ज्यांच्या नावाने आहे ते जॉर्ज ग्रिफिथ तुमच्याच राज्यातले, ट्राउट अनलिमिटेड ही संस्था १९५९ मध्ये ऑ सेबल नदीकाठी सुरू झाली त्यातले एक प्रमुख. मुलाला हे सांगा, बांधताना मजा येते.

मॉस्किटो फ्लाय दिसायला देखणी आहे, काळे-पांढरे पट्टे, करडं हॅकल (गळाभोवती गुंडाळलेलं कोंबड्याचं पीस), पण डासाच्या अळ्या साचलेल्या पाण्यात वाढतात आणि ट्राउटला वाहतं, गार, भरपूर ऑक्सिजनवालं पाणी लागतं, त्यामुळे वाहत्या नदीत या दोघांची गाठ कमीच पडते. मासे ती फ्लाय घेतात, पण डास म्हणून नाही, कुठलातरी बारीक किडा म्हणून.

नॅटला तीनच वस्तू लागतात, काळा दोरा, मोरपिसाचे तंतू आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कोंबड्याचं मानेवरचं पीस. मुलाला १४ नंबरच्या गळावर शिकवा, मग १८ वर उतरा. दोरा गळाच्या डोळ्यापासून (दोरी ओवायचं भोक) वळणापर्यंत न्यायचा, तिथे पिसाचं टोक आणि मोरपिसाचे दोन-तीन तंतू एकत्र बांधायचे. आता इथेच नवशिक्यांची फ्लाय बिघडते. मोरपिसाचा तंतू नाजूक असतो, एका ट्राउटच्या दाताने तुटतो आणि सगळं अंग सुटतं. म्हणून तंतू एकटे गुंडाळायचे नाहीत, दोऱ्याबरोबर पीळ देऊन त्याची दोरी करायची आणि मग पुढे न्यायची. त्यावरून पिसाचे पाच-सहा मोकळे वेढे, डोळ्याच्या मागे थोडी जागा सोडून गाठ. पिसाचे केस गळाच्या तोंडाच्या रुंदीएवढे किंवा किंचित जास्त हवेत, लांब झाले तर फ्लाय पाण्यावर उंच उभी राहते आणि मासा तिला हुंगून सोडतो.

गंमत म्हणजे ती एका किड्याची नक्कल नाहीच. थंडीच्या दिवसांत हे बारीक किडे नर-मादी मिळून पाण्यावर गुंतागुंतीचे पुंजके करतात, तो पुंजका आहे तो. म्हणून जरा मोठी बांधली तरी चालते.

ताई, आम्ही पुण्याचे चौघं मित्र हिमाचलात तीर्थन खोऱ्यात जाणार आहोत. गेल्या वेळी जोराच्या पाण्यातल्या दगडांवर बारीक काळपट अळ्या पाहिल्या, शेकड्यांनी चिकटलेल्या. गाईड म्हणाला यातूनच ती चावणारी माशी निघते. त्यावर ट्राउट लागेल का?

लागेल, आणि हा मला आलेला सगळ्यात चांगला प्रश्न आहे कारण तुम्ही पाण्यात वाकून पाहिलंत! त्या ब्लॅक फ्लायच्या अळ्या, सिम्युलियम. चावणाऱ्या किड्यांमध्ये ट्राउटच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा हाच, कारण त्याचं अख्खं बालपण वाहत्या पाण्यात जातं.

पुढच्या वेळी एक दगड उचलून भिंगाखाली बघाच. अळी आधी दगडावर रेशमाची बारीक गादी करते, मागच्या टोकाच्या आकड्यांनी त्यात रुतून बसते आणि डोक्यावरचे दोन पंख्यासारखे झुपके प्रवाहात उघडून वाहून येणारे कण गाळून खाते. मागचा भाग फुगीर, पुढचा निमुळता, तालमीतल्या मुद्गलासारखा आकार. धोका वाटला की रेशमाचा धागा सोडून खाली वाहत जाते आणि धाग्याला लोंबकळते. तेवढ्यात मासा टिपतो.

त्यामुळे बांधताना फुगीर भाग गळाच्या वळणाकडे आला पाहिजे. बहुतेक अळ्यांच्या फ्लाय डोक्याकडे जाड असतात, सवयीने तसंच होतं, इथे उलटं करायचं. १८ नंबरचा सरळ गळ, करडा-हिरवट किंवा तपकिरी दोरा, मागे जास्त वेढे, पुढे कमी, डोक्याशी मोरपिसाच्या तंतूचा एकच वेढा. बस्स. वजनाला पुढे दोरीवर टंगस्टनचा छोटा मणी, शिसं नको. दगडांच्या मागच्या बाजूने, तळाला घासत, न ओढता वाहू द्या.

मोठा किडा बाहेर येतो ती गोष्ट तर फारच सुंदर आहे. कोष पाण्याखाली दगडालाच चिकटलेला असतो, तो तिथेच फाटतो आणि माशी हवेच्या बुडबुड्यात बसून कोरडीच्या कोरडी वर येते. वर येणारा चमकता ठिपका मासा पाहतो. त्यासाठी २० नंबरच्या गळावर काळ्या दोऱ्याचं अंग करून मधे चंदेरी पट्टीचा एक वेढा घ्या, पुढे बदकाच्या शेपटीजवळच्या तेलकट मऊ पिसांचा आखूड झुपका. ट्राउट याच्यावर असतो तेव्हा पाणी उसळत नाही, फक्त छोटं वर्तुळ उमटतं, एकामागून एक, त्याच जागी. असं दिसलं की मोठ्या फ्लाय पेटीत ठेवून द्या.

मत्स्य विभागाचा परवाना आधी काढा, हिवाळ्यात ट्राउटला बंदी असते त्यामुळे तारखा तिथेच विचारून घ्या.

गांधीलमाशी मासा खातो का हो? तिची नांगी लागत नाही त्याला?

खातो. ट्राउटच्या पोटात गांधीलमाश्या आणि मधमाश्या सापडतात, चबसारखा मासा तर उन्हाळ्याच्या शेवटी काठावरच्या झाडाखाली त्यांच्यासाठी थांबूनच असतो.

आणि हे फार जुनं आहे बरं का. नकली फ्लायचं जे अगदी जुनं वर्णन मिळतं ते रोमन लेखक ईलियनचं, इ.स. २०० च्या आसपासचं, मॅसिडोनियातल्या बेरोइया आणि थेस्सालोनिकी यांच्या मधल्या नदीचं. तिथे ठिपकेदार मासे एक किडा खायचे, रंग गांधीलमाशीचा, गुणगुण मधमाशीसारखी. खरा किडा हातात धरला की त्याचा रंग जातो म्हणून कोळी गळाला लाल लोकर गुंडाळायचे आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं लावायचे. पुढे इंग्लंडात १४९६ मध्ये छापलेल्या मासेमारीच्या पुस्तिकेत बारा फ्लाय दिल्यात, त्यात जुलैसाठी गांधीलमाशी आहेच : काळ्या लोकरीचं अंग, त्यावर पिवळा दोरा.

आज बांधायची तर १२ नंबरच्या गळावर पिवळं-काळं डबिंग (दोऱ्यावर पिळलेली लोकर) आलटून पालटून घ्या, पण पट्ट्यांपेक्षा कंबर महत्त्वाची. पोट आणि छाती यांच्या मधे नुसता दोरा दिसला पाहिजे. मासा खालून बघतो, त्याला आकाशासमोर काळी आकृती दिसते, रंग त्यानंतर. लोक पट्टे मोजत बसतात आणि कंबर भरून टाकतात, मग ती फ्लाय नुसता गोळा दिसते. छातीवर तपकिरी हॅकलचे दोन-तीन वेढे, आणि खालच्या बाजूचे केस कात्रीने सपाट कापा, कारण बुडत आलेली गांधीलमाशी पाण्यावर उभी नसते, पाण्यात रुतलेली असते.

मुंग्यांनाही हेच लागू, दोन गाठी, मधे रिकामी जागा, पाय फक्त तिथेच. जुलै-ऑगस्टमध्ये दमट दिवशी पंखवाल्या मुंग्या उडाल्या की इतर कशालाही मासा बघत नाही, तेव्हा १६ नंबरच्या दोन-चार पेटीत असू द्या.

गोमाशीची फ्लाय बांधावी का? नॉर्वेत फार आहेत.

माझ्या मते खास बांधायची गरज नाही. बऱ्याच जातींच्या अळ्या ओल्या मातीत, चिखलात वाढतात, मोठी माशी चुकून पाण्यात पडते तेवढीच. तरी हौस असेल तर हरणाच्या केसांचं जाडसर करडं अंग आणि पाठीवर सपाट पंख, १० नंबरवर.

पुण्याहून येताना मोरपिसं आणू का? इथे महाग मिळतात. आजोबांकडे रानकोंबड्याची जुनी पिसंही आहेत.

नाही, कृपा करून आणू नका. मोराची गळून पडलेली पिसं देशात ठेवता येतात पण देशाबाहेर न्यायला मनाई आहे, बॅगेत सापडली तर त्रास तुम्हालाच. राखी रानकोंबडा तर आपल्या सह्याद्रीतला पक्षी, त्याच्या मानेवर मेणाच्या थेंबांसारखे चकचकीत ठिपके असलेली पिसं असतात आणि सॅमनच्या फ्लायसाठी ती एकेकाळी भारतातून मोठ्या प्रमाणावर बाहेर जायची, त्यात पक्ष्यांचं नुकसान झालं. आता त्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि इकडे पाळलेल्या पक्ष्यांची पिसं कागदपत्रांसकट मिळतात. आजोबांची पिसं घरीच राहू द्या. आणि या लेखातल्या एकाही फ्लायला रानकोंबडा लागत नाही, मोरपीस लागतं ते एका काडीत डझनभर फ्लायना पुरतं, इथल्याच दुकानातून घ्या.