'थायरॉईड झालाय' म्हणजे नेमकं काय झालंय?

तासगावहून एका वाचकांनी विचारलंय : "आमच्याकडे घरोघरी 'अमक्याला थायरॉईड झालाय', 'तमकीला थायरॉईड निघालाय' असं बोलतात. हे बरोबर आहे का? मराठीत याला गलगंड म्हणावं की मुलांच्या पुस्तकात आहे तसं अवटू? आणि मूळ शब्दाचा अर्थ काय?"

बरोबर नाही. थायरॉईड प्रत्येकाला असतो. गळ्याच्या पुढच्या बाजूला, घाटीच्या म्हणजे गळ्यावरच्या उंचवट्याच्या खाली, श्वासनळीला दोन्ही अंगांनी बिलगलेली वीसेक ग्रॅम वजनाची ही ग्रंथी. दोन खंड आणि त्यांना मधोमध जोडणारी एक अरुंद पट्टी. रक्तातलं आयोडीन ओढून घ्यायचं, त्यातून टी-थ्री आणि टी-फोर ही संप्रेरकं बनवायची आणि सगळ्या शरीराच्या चयापचयाचा वेग राखायचा, एवढं मोठं काम ती करते. टी-फोरमध्ये आयोडीनचे चार अणू, टी-थ्रीमध्ये तीन, म्हणून ही नावं. तेव्हा "मला थायरॉईड आहे" हे वाक्य "मला यकृत आहे" या वाक्याइतकंच सांगतं.

यावर एक ठरलेला प्रतिवाद येतो आणि तो करणारे स्वतःला भाषेचे जाणकार म्हणवतात. "मराठीत 'डोळे आलेत', 'तोंड आलंय' म्हणतोच की! तिथेही अवयवाचंच नाव आहे." म्हणतो, पण नीट कान देऊन ऐका. तिथे आजार क्रियापदात आहे. डोळे येतात, घसा बसतो, कान फुटतो, पाठ धरते, पोट बिघडतं. एकेका अवयवाला भाषेनं त्याचं त्याचं क्रियापद नेमून दिलंय आणि ते इतकं पक्कं आहे की 'तोंड बसलं' किंवा 'घसा फुटला' म्हणून बघा, लगेच खटकतं. "मला तोंड झालंय" असं कुणी म्हणत नाही. 'थायरॉईड झालाय' ही रचना त्या घराण्यातली नाहीच. ती मलेरिया झालाय, कावीळ झालीय यांच्या पंक्तीतली आहे, म्हणजे तिथे अवयवाचं नाव सरळ रोगाचं नाव म्हणून वापरलं गेलंय.

हे का घडलं, याबद्दल माझं ठाम मत आहे. याला कारणीभूत आहे टायफॉईड. आपल्याकडे हा शब्द थायरॉईडच्या कितीतरी आधी घरात शिरलेला. 'टायफॉईड झालाय' हे वाक्य आजी-आजोबांच्या तोंडी होतं. मग रक्ततपासण्या गावोगाव पोचल्या, 'थायरॉईड' कानावर पडू लागला आणि तो ऐकू आला तो थेट टायफॉईडसारखा. तेच शेपूट, तीच लय. वाक्य तयारच होतं, त्यात नवा शब्द बसवला. पुरावा मागाल तर लिंग बघा. ग्रंथी स्त्रीलिंगी, तरी 'थायरॉईड झाली' असं कुणी म्हणताना ऐकलंय? सातारा-सांगलीत सगळे 'झालाय' म्हणतात, पुल्लिंगी, जसा टायफॉईड पुल्लिंगी. काही जण तर उच्चारही 'थायफॉईड' असा करतात. ज्यांना हे पटत नाही त्यांनी या पुल्लिंगाचं दुसरं स्पष्टीकरण द्यावं.

खरं तर 'झालाय' एक वेळ चालवून घेईन. ज्याचा मला संताप येतो तो प्रयोग वेगळाच : 'थायरॉईड वाढलाय'. साताऱ्यात पोवई नाक्यावर दोन बायकांचं बोलणं मी कानांनी ऐकलंय. एक म्हणाली, "माझा थायरॉईड वाढलाय, नऊ आलाय." दुसरी म्हणाली, "माझापण वाढलाय बाई, बघ की, वजन किती उतरलं, हात नुसते थरथरतात." पहिली लगेच : "मग माझीच गोळी चालू कर, मला लागू पडली." दोघींचे आजार एकमेकींच्या अगदी उलट! पहिलीचा नऊचा आकडा टीएसएचचा, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाचा. टीएसएच थायरॉईडमध्ये तयारच होत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येतं, आणि थायरॉईड कमी काम करायला लागला की पियुषिका त्याच्यामागे जास्त टीएसएच लावते. दुकानातला कामगार सुस्तावला की मालकाचा आवाज चढतो, तसं. आवाज चढला म्हणून काम वाढलं असं नव्हे. म्हणजे पहिलीचा थायरॉईड मंदावलेला, दुसरीचा बहुधा उधळलेला. आधीच धावणाऱ्या हृदयावर दुसरीनं पहिलीची गोळी घेतली असती तर धडधड आणखी वाढली असती. शिवाय 'वाढलाय'चा तिसरा अर्थ राहिलाच : ग्रंथी आकारानं मोठी होणं. तीन निरनिराळ्या गोष्टींना एकच शब्द! 'टीएसएच वाढलंय', 'थायरॉईड मंदावलाय', 'थायरॉईड जोरात चाललाय', 'थायरॉईडला सूज आहे' अशी चार स्वच्छ मराठी वाक्यं असताना.

गलगंड लवकर आटोपतो. ग्रंथी फुगून गळ्याशी दिसणारी सूज म्हणजे गलगंड, मग ती आयोडीन कमी पडल्यानं असो वा दुसऱ्या कशानं. प्राचीन वैद्य सुश्रुतानं आपल्या संहितेच्या निदानस्थान या भागात तो वर्णिलाय. गळ्याशी लोंबणारी सूज, लहान असो की मोठी, तिला गलगंड म्हणावं, असं तो सांगतो. म्हणजे तो बाहेरून दिसणाऱ्या आकाराचा शब्द आहे. कित्येकांचा थायरॉईड मंद असतो आणि गळा सपाट असतो, त्यांना गलगंड म्हणणं चूक. आणि कृपा करून गलगंडाला गंडमाळ म्हणू नका. गंडमाळ म्हणजे मानेच्या बाजूला माळेसारख्या ओळीनं आलेल्या गाठी, बहुतेक वेळा क्षयाच्या. ओळखायची सोपी खूण : थायरॉईडची गाठ घोट गिळताना घाटीबरोबर वर सरकते, मानेच्या बाजूच्या गाठी तशा सरकत नाहीत.

आता अवटू. इथे माझं पुस्तकांशी भांडण आहे. शाळेच्या पुस्तकातून हा शब्द मुलांच्या माथी मारला जातो आणि आमच्याच सातारा जिल्ह्यात, वाईत सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशातही 'अवटु ग्रंथि' अशीच नोंद आहे. अमरकोश, म्हणजे संस्कृतचा जुना शब्दकोश, काढा. 'अवटुर्घाटा कृकाटिका' : अवटु, घाटा आणि कृकाटिका हे तिन्ही समानार्थी, आणि अर्थ काय? मानेचा मागचा भाग! थायरॉईड कुठे आहे? पुढे! जी ग्रंथी आरशात समोर दिसते तिला मानगुटीचं नाव दिलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखा संस्कृतचा महापंडित ज्याचा प्रमुख संपादक, त्या कोशात हे व्हावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. विश्वकोशाबद्दल माझ्या मनात आदरच आहे, म्हणून तर हे टोचतं. 'आता रूढ झालाय, राहू द्या' असं परिभाषावाले सांगतात. कुणात रूढ झालाय? डॉक्टर थायरॉईड म्हणतात, रुग्ण थायरॉईड म्हणतात. अवटू फक्त परीक्षेच्या पेपरात जिवंत आहे.

त्या ओळीतला दुसरा शब्द मात्र फार मोलाचा : घाटा. आपण गळ्यापुढच्या उंचवट्याला घाटी म्हणतो, मुलाचा आवाज फुटला की 'घाटी फुटली' म्हणतो. (मुंबईकर आपल्याला ज्या शब्दानं हिणवतात तो घाटी वेगळा, तो घाटावरचा.) काही विद्वान ही घाटी घंटिकेवरून, म्हणजे पडजिभेवरून आली असं सांगतात. मला ते मान्य नाही. घंटिका तोंडाच्या आत लोंबते, घाटी बाहेरून बोटाला लागते. माझ्या मते संस्कृतातली घाटाच लोकांच्या बोलण्यात मानेच्या मागून पुढे आली, कारण मान म्हटली की पुढचं-मागचं एकच. लोकांनी वापरून पुढे आणलेला शब्द वेगळा आणि कोशातून उचलून भलत्या जागी ठेवलेला शब्द वेगळा. ग्रंथीला मराठी नाव हवंच असेल तर कंठग्रंथी म्हणा. ऐकताक्षणी कळतं.

आणि आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. थायरॉईड हा शब्द परका वाटतो ना? त्याचे दोन्ही तुकडे आपल्या घरचे आहेत.

ग्रीकमध्ये 'थुरेओस' म्हणजे दाराएवढी लांबट ढाल. पण ढालीच्याही आधीचा अर्थ होमरच्या ओडिसीत सापडतो : एकडोळ्या राक्षस आपल्या गुहेच्या तोंडाशी जो प्रचंड दगड लावतो, त्याला होमर थुरेओस म्हणतो. दाराचा धोंडा! कारण मूळ शब्द 'थुरा', आणि थुरा म्हणजे दार. संस्कृतचं द्वार, ग्रीकचं थुरा, इंग्रजीचं डोअर, फारसीचं दर (दरवाजा, दरबार यांतलं), लॅटिनचं फोरेस, ही सगळी एकाच मूळ शब्दाची लेकरं. ग्रीक 'थ' आणि लॅटिन 'फ' जिथे येतात तिथे संस्कृतात 'ध' सापडायला हवा. धूम पाहा : ग्रीक थुमोस, लॅटिन फूमुस. मग संस्कृतात 'ध्वार' का नाही? भाषाशास्त्रज्ञांचं उत्तर मला अतिशय आवडतं : दाराला फळ्या दोन, म्हणून 'द्व' म्हणजे दोन या शब्दाच्या ओढीनं 'ध'मधला हकार गळाला. आपण रोज दार उघडतो-लावतो, त्यात दोनाचा आकडा दडलेला आहे. आणि लॅटिन फोरेसवरून जे 'दाराबाहेरचं', त्याचंच पुढे झालं फॉरेन. आपलं दार आणि फॉरेन सख्खी चुलत भावंडं!

शेपटाकडचा तुकडा '-ऑईड'. ग्रीक 'एइदोस', म्हणजे रूप, जे डोळ्यांना दिसतं ते. त्याचं मूळ आणि संस्कृत 'विद्'चं मूळ एक. वेद, विद्या, विद्वान यांच्याच कुळातलं. ग्रीकांचं पाहणं, आपलं जाणणं. म्हणजे थायरॉईड या एका शब्दात द्वार आणि वेद शेजारी बसलेत.

गंमत म्हणजे हे नाव मुळात ग्रंथीचं नव्हतंच. गेलन या प्राचीन ग्रीक वैद्यानं ते दिलं स्वरयंत्राच्या पुढच्या कूर्चेला, म्हणजे आपल्या घाटीला. ती खरोखर ढालीसारखी आहे. १६५६ मध्ये लंडनच्या थॉमस व्हार्टन या डॉक्टरनं ग्रंथीला शेजारच्या कूर्चेचं नाव देऊन टाकलं. ग्रंथीचं काम त्याला माहीत नव्हतं. गळ्याला गोलाई येऊन तो सुंदर दिसावा हा तिचा एक उपयोग, असंही त्यानं लिहून ठेवलंय. तिच्यात आयोडीन असतं हे कळायला १८९५ उजाडलं, ते बाऊमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं शोधलं.

म्हणून 'ढालीच्या आकाराची ग्रंथी' असं भाषांतर वाचलं की मी थांबतो. आपल्या डोळ्यांपुढे येते ती मराठी ढाल, गोल. सोनोग्राफीच्या पडद्यावर ग्रंथी पाहिलीत तर यातलं काहीच दिसत नाही. खांद्याखाली उशी, मान मागे, गळ्यावर गार जेल आणि वर फिरणारा प्रोब. मधोमध श्वासनळीची पांढरी कमान, हवेमुळे तिच्याखाली अंधार. कमानीवर ती बारीक पट्टी, दोन्ही बाजूंना एकसारख्या दाण्याचे करडे खंड, आजूबाजूच्या स्नायूंपेक्षा उजळ. त्यांच्या बाहेर धडधडणारं काळं वर्तुळ, ती मानेतली मोठी रक्तवाहिनी, रोहिणी. हाशिमोटोच्या आजारात, ज्यात थायरॉईड बहुधा मंदावतो, हा करडा रंग काळवंडतो, पोत खडबडीत होतो. ग्रेव्हजच्या आजारात, ज्यात थायरॉईड उधळतो, रक्तप्रवाह रंगांत दाखवणारा कलर डॉप्लर लावला की सगळी ग्रंथी रंगांनी पेटून उठते.

इथेही भाषेचा घोटाळा आहेच. "सोनोग्राफीत थायरॉईड निघाला नाही" असं मिरजेहून तपासून आलेले लोक खुशाल सांगतात. सोनोग्राफी रूप दाखवते, एइदोस. काम किती चाललंय ते रक्तातच कळतं. ग्रंथी दिसायला चांगली आणि टीएसएच बिघडलेलं, किंवा गाठ मोठी आणि रक्त अगदी ठीक, दोन्ही होतं. आणि रिपोर्टवरचं 'टी-रॅड्स ३' म्हणजे कॅन्सरची तिसरी पायरी नव्हे. गाठ कितपत संशयास्पद दिसते याची ती एक ते पाच अशी प्रतवारी आहे, आणि तीनमधल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. अमेरिकी रेडिओलॉजिस्टांच्या २०१७ च्या प्रतवारीनुसार अशी गाठ अडीच सेंटिमीटरची झाल्याशिवाय सुईची तपासणीही सुचवत नाहीत.

तासगावच्या वाचकांना एवढंच : पेपरात मुलांना अवटूच लिहू द्या, नाहीतर गुण जातील. डॉक्टरांपुढे मात्र 'वाढलाय' म्हणू नका, रिपोर्टवरचा शब्द आणि आकडा जसाच्या तसा वाचून दाखवा.