मोटारीच्या आवाजावर पोट भरतं का?

प्रश्न : आम्ही मिरजेचे. मुलगी अकरावी सायन्सला आहे. पाच वर्षं गाणं शिकली, आता क्लास सोडलाय. बोअरच्या मोटारीचे, पिठाच्या गिरणीचे आवाज मोबाइलवर टिपते आणि लॅपटॉपवर ताणत बसते. म्हणते, इलेक्ट्रॉनिक संगीतच करणार. हे मुलांचं काम ना? पुढे काय? – एक आई

उत्तर : ताई, 'मुलांचं काम' हे आधी डोक्यातून काढा. बीबीसीची रेडिओफोनिक वर्कशॉप, म्हणजे कार्यक्रमांसाठी इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणारा स्टुडिओ, 1958 मध्ये सुरू झाली, तिच्या संस्थापकांत डॅफ्नी ओरम होत्या. डेलिया डर्बीशायर केंब्रिजला गणित आणि संगीत शिकल्या. एका रेकॉर्ड कंपनीने त्यांना सरळ सांगितलं, स्टुडिओत आम्ही बायका घेत नाही. पुढे बीबीसीत त्यांनी 1963 साली 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेची धून टेपचे तुकडे कापून-जोडून घडवली. चाल रॉन ग्रेनर यांची, पण तो आवाज डेलियांचा. पडद्यावर त्यांचं नाव झळकलं 2013 मध्ये, त्या गेल्यानंतर बारा वर्षांनी. म्हणून लेकीला आत्तापासून प्रत्येक फाइलवर स्वतःचं नाव आणि तारीख घालायची सवय लावा.

आपल्याकडेही अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, 1969 मध्ये 'मूग' नावाचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य, आला. त्यावर रचना करणाऱ्यांत गीता साराभाई होत्या, मूळच्या पखवाज वाजवणाऱ्या.

गाण्याचा क्लास सुटला हे मात्र मला पटलं नाही. फ्रान्सच्या एल्यान रादीग सिंथेसायझरवर एकच स्वर लांबवत, कळेल न कळेल असा बदलत न्यायच्या. असा बारीक बदल ओळखणारा कान तुमच्या गावात तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्यांकडे, म्हणजे तारेचा झंकार जुळवणाऱ्यांकडे आहे. तारांखालच्या घोडीवरचा दोरा केसभर सरकला की तार कशी बोलायला लागते, ते तिने तिथे बसून ऐकावं.

आता पोटाचं. निव्वळ प्रायोगिक संगीतावर घर चालत नाही, खोटं कशाला सांगू? पैसा सिनेमा, जाहिराती, गेम यांच्या ध्वनी आरेखनात (साउंड डिझाइन) आणि कार्यक्रमांच्या साउंडमध्ये आहे. पुण्याच्या एफटीआयआयला, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटला, ध्वनी विभागासाठी पदवी लागते आणि बारावीला फिजिक्स, तेव्हा फिजिक्स सोडू देऊ नका. नियम त्या-त्या वर्षी तपासा. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी केली तर दुसरा दरवाजाही उघडा राहील.

महागडा कीबोर्ड घेऊ नका. ऑडॅसिटी, प्युअर डेटा ही आवाजावर काम करायची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. खर्च करायचाच तर चांगल्या हेडफोनवर करा.

आणि गिरणीत आवाज टिपायला जाताना ओढणी घट्ट बांधायला सांगा, पट्टा उघडाच असतो.