कोकणात समस्याधारित अध्ययन करणाऱ्या शिक्षकांचं नेटवर्क कसं उभं करावं?

तुम्ही लिहिलंय की शाळेत समस्याधारित अध्ययन, म्हणजे आधी खरी समस्या देऊन ती सोडवताना मुलांना विषय शिकू देण्याची पद्धत, वापरणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात, आणि एखाद्या मोठ्या संघटनेचं सभासद व्हावं का असं विचारलंय. जरूर व्हा. पण त्याआधी एसटीने तासाभरात गाठता येतील असे चार-पाच शिक्षक शोधा. मुलांपुढे ठेवायची समस्या घडवणं हे यातलं सगळ्यात अवघड काम, आणि ते एकट्याने नीट होत नाही.

मी राजापूर तालुक्यात आठवीला विज्ञान शिकवतो. आमच्या गटातल्या एका बाईंनी ‘पाणी कसं वाचवाल?’ ही समस्या आणली. यावर मुलं निबंध लिहितात: नळ बंद ठेवा, झाडे लावा. त्या एका वाक्यावर आम्ही बराच वेळ बसलो. शेवटी ठरलं ते असं: ‘आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरी वरच्या वाडीची विहीर मार्चअखेर आटते, खालच्या वाडीची मे काढते. यंदा एकच वनराई बंधारा घालता येणार आहे. कुठे घालाल?’ (वनराई बंधारा म्हणजे मातीने भरलेली पोती रचून ओढ्यात घातलेला तात्पुरता बांध.)

आता जांभा, म्हणजे आमच्याकडचा सच्छिद्र तांबडा दगड, समजून घेतल्याशिवाय मुलांना पुढे जाता येईना. त्यांनी चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याच्या कापीव दगडाचा, तुकडा कोरडा तोलला, रात्रभर पाण्यात बुडवून पुन्हा तोलला. पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेने हिंडून झरे कुठे फुटतात ते पाहिलं. सड्यावरचं (वरच्या कातळी पठारावरचं) पाणी जांभ्यातून उतरतं, खालच्या चिकणमातीवर अडतं आणि उताराला वाहून जातं, हे मग सांगावं लागलं नाही. खाडीकाठच्या शाळेतल्या सरांनी हीच समस्या नेली. त्यांच्याकडे विहीर आटत नाही, उन्हाळ्यात मचूळ होते, म्हणून त्यांनी प्रश्न बदलून घेतला. मला नेटवर्कचा खरा उपयोग तिथे दिसला.

मध्य प्रदेशात होशंगाबादचा विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ पासून २००२ पर्यंत चालला. त्यातही शिक्षकांच्या मासिक बैठकांना मोठं स्थान होतं. तुम्ही केंद्रप्रमुखांना भेटून शिक्षण परिषदेत, म्हणजे परिसरातल्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, अर्धा तास मागा. तिथे उपक्रमाचे फोटो नकोत, मुलांच्या वह्या न्या. मुलं कुठे अडली हे वह्यांतच दिसतं, आणि बोलण्यासारखं तेच असतं. १९६९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी समस्याधारित अध्ययन सुरू झालं तेव्हा विद्यार्थ्यांचा लहान गट एका रुग्णाच्या तक्रारीवर चर्चा करायचा आणि शिक्षक उत्तर देण्याऐवजी त्यांना विचार करायला लावायचा. शिक्षकांच्या बैठकीलाही हा नियम लावा, नाहीतर अनुभवी माणूस बोलतो आणि बाकीचे टिपून घेतात. जमेल तेव्हा एकमेकांच्या वर्गात मागे बसा. रजेचा प्रश्न येतो, त्यासाठी मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवा.

विहिरीचा विषय घेणार असाल तर जूनपासूनच दोरीला दगड बांधून दर आठवड्याला पाण्याची पातळी मोजायला लावा. एप्रिलमध्ये सुरुवात केली तर मुलांच्या हातात तुलनेला आकडेच नसतात.